मुका डबा

भुलाबाईच्या दिवसांत, म्हणजे कोजागिरीपर्यंत रोज, संध्याकाळी आमच्या ओट्यावर गल्लीतली पोरं जमतात. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, त्यात मातीची भुलाबाई आणि भुलोजी, समोर दिवा. गाणी म्हणून झाली की खिरापत. खिरापत म्हणजे रोज एकाच्या घरून झाकून आणलेला खाऊचा डबा. आत काय आहे, ते बाकीच्यांनी ओळखायचं. डबा कानाशी धरून हलवायचा, हातावर तोलायचा, वाटलं तर हुंगायचा; झाकण मात्र उघडायचं नाही. कुणी ओळखलं की डबा उघडतो आणि सगळ्यांचे हात पुढे येतात.

हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटात अशी भुलाबाई बसवणारी घरं आता थोडीच उरली आहेत. माझ्या ओट्यावर ती टिकली, कारण शाळेतून निवृत्त झाल्यावर मला पोरांशिवाय करमेना. ओट्यावर माझा एकच नियम आहे. डबा बोलला पाहिजे. आत थोडी जागा सोडायची, म्हणजे हलवला की खाऊ वाजतो. काठोकाठ दाबून भरलेल्या डब्याला आम्ही मुका डबा म्हणतो आणि तो परत पाठवतो. प्रश्न घालणाऱ्यानं लहानातल्या लहान पोराला आत शिरायला एक फट ठेवावी, असं मी शाळेतही मानत आले.

माझा दम आता पुरत नाही, म्हणून काही वर्षांपासून पोरांना गाणी शिकवते ती वैदेही. दोन घरं सोडून राहते. जवळच्या किरनापूरला एका खाजगी शाळेत शिकवते, संध्याकाळच्या बसनं परतते, घरी उभ्याउभ्या चहा पिते आणि थेट ओट्यावर येते. पोरं घरीदारी हिंदी बोलणारी. गाण्यातला एकेक मराठी शब्द त्यांच्या जिभेवर बसवायला वैदेहीला चार-चार दिवस लागतात, पण ती कधी कुणावर वैतागली नाही.

यंदा पहिल्याच दिवशी सगळ्यांत धाकट्या पोरीनं, माणिकनं आणलेला डबा तिनं कानाशी धरला आणि खाली ठेवला.

"माणिक, हा तर मुका हाय. आईले सांग, अर्धा खाली कर म्हणा."

"मम्मी बोली, ज्यादा लोग हैं तो ज्यादा लेके जा," माणिक म्हणाली.

"मग दोन डबे आण. पण हा बोलला पाहिजे बाप्पा, नाही तर तूच सांग, मी कशी ओळखू?"

माणिक पळत गेली आणि अर्धा डबा रिकामा करून आली. तो वाजला. वैदेहीनं डोळे मिटले, उजव्या हाताचं एक बोट वर केलं, म्हणजे सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि म्हणाली, "शंकरपाळे. पण गोड नाही, खारे." झाकण उघडलं तर खारे शंकरपाळेच. पोरांनी आरडाओरडा केला.

ही तिची लहानपणची विद्या. तेव्हा डबा हलवायला माझी नात मंजुषा असायची. मंजू हलवायची आणि वैदेही ऐकायची. दोघींची जोडी अशी की गल्लीतल्या बायका यांना हरवायला नवेनवे पदार्थ शोधायच्या आणि तरी हरायच्या. पुढे दोघींनी डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा दिली. सरकारी कॉलेजात दोघींनाही जागा मिळाली नाही. माझ्या मुलानं मंजूला जॉर्जियाला शिकायला पाठवलं. वैदेहीचे वडील म्हणाले, एवढ्या दूर पोरगी पाठवणार नाही. मंजूची बॅग बंद होत नव्हती, तेव्हा वैदेही तिच्यावर चढून बसली होती आणि मंजूनं चेन ओढली होती. तिच्याच वजनानं ती बॅग बंद झाली आणि गेली.

आता शिक्षण संपवून मंजू परत आली आहे. इथं डॉक्टरकी करायला इथली परीक्षा द्यावी लागते म्हणून दिवसभर पुस्तकं घेऊन बसते आणि संध्याकाळी ओट्यावर येते. तिची ही कितीतरी वर्षांनंतरची पहिली भुलाबाई. तिला पाहून वैदेहीला इतका आनंद झाला होता की पहिल्या संध्याकाळी ती एक गाणं मध्येच विसरली.

हा आनंद टिकला नाही.

झालं असं की पोरांना मंजूच्या प्रवासाच्या गोष्टींची चटक लागली. गोष्टी होत्याही तशा. पाच-सहा जणांची टोळी. सुट्टी लागली की पाठीवर पिशव्या टाकायच्या आणि मिळेल त्या छोट्या बसनं निघायचं. बाटुमीला समुद्र, पण वाळू नाही, नुसते गोल दगड. त्या दगडांवर टॉवेल टाकून सगळे झोपले आणि उठले तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर दगडांचे ठसे. एका गावच्या बाजारात दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षांच्या रसात बुडवून वाळवलेले. ते मेणबत्त्यांसारखे लटकलेले पाहून अंकित नावाच्या मुलानं खरोखरच विचारलं की किती वेळ जळते. हे सांगताना मंजू इतकी हसायची की पुढचं वाक्य तिला बोलता यायचं नाही.

"दीदी, वहां नमस्ते को क्या बोलते?" पोरांनी विचारलं.

"गामारजोबा."

"गामारजोबा!" सगळा ओटा एका सुरात ओरडला. पहिल्याच झटक्यात, एकही अक्षर न चुकता.

वैदेहीच्या हातातली टाळ्यांची लय थांबली. हीच पोरं गेले चार दिवस तिच्या गाण्यातल्या एका शब्दावर अडखळत होती.

"चला, गाणं राह्यलं," ती म्हणाली.

"नहीं दीदी, जॉर्जियावाली बात!"

"पहिले गाणं."

"म्हणू दे वं नंतर," मंजू हसत म्हणाली. "ऐका. एकदा आमी काझबेगीले चाललो होतो. उंच घाट. आन् वरतून बर्फ. रस्ता बंद. पुढे ट्रकच ट्रक. ड्रायव्हरनं गाडी बंद केली, हीटर बंद केला आन् झोपून गेला! बाहेर पाय ठेवला तर पाय दिसे ना. आता काय करा? मंग मी म्हटलं, चला, खिरापत खेळू."

"वहां भी?" माणिकनं डोळे मोठे केले.

"हौ! ज्याच्या पिशवीत जे खायचं असंन ते डब्यात टाकायचं. बाजूले एक म्हातारी होती, तिनं पण आपला चीजचा तुकडा टाकला. भाषा समजत नव्हती, पण खेळ बरोबर समजला तिले. आन् आमची जिन्सी! केरळची. माझी रूममेट. बाप्पा, काय कान हायेत तिचे! असे डोळे मिटे, असं बोट वर करे..."

मंजूनं डोळे मिटले आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

पोरं वैदेहीकडे पाहू लागली. माणिक म्हणाली, "ये तो वैदेही दीदी का है."

"तिचंच तर हाय. मीच शिकवलं जिन्सीले," मंजू मोठ्या कौतुकानं म्हणाली. "आन् काय सांगू, सगळं ओळखलं तिनं. रस्ता खुलेपर्यंत आमी खेळत होतो."

 वैदेहीनं दिव्याची वात उगाच पुढे सारली. ती वात ठीकच होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी अंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसले होते. वैदेही येऊन समोर बसली आणि शेंगा सोलू लागली. दाणे टोपलीत आणि टरफलं बाहेर पडायची, तिचं उलटं होऊ लागलं.  शाळेत पोरगं रडवेलं असलं की मी पाटीवरच्या चुका तेव्हा काढत नसे.

"आजी," शेवटी ती म्हणाली, "मले बर्फाचं काही वाटत नाही. समुद्राचंही नाही."

"मग?"

"ती हसते न. फोनवर त्या जिन्सीसंगं बोलते, 'अंकितचा बूट' म्हणते आन् दोघी हसतच राहतात. मी तिथंच बसली असतो. मले समजतच नाही कायले हसून राह्यल्या. एकदा विचारलं बी. तर म्हणे, जाऊ दे वं, तुले नाही समजणार, तिथं राहा लागते त्यासाठी." तिनं एक शेंग मोडली. "पह्यले तिचं कोणतंच हसणं मले न समजणारं नव्हतं. आता तिच्या एवढ्या गोष्टी, आन् एकातही मी नाही. होतं एक बोट. तेही तिनं देऊन टाकलं."

मी तिला म्हटलं असतं की मैत्री काही खाऊ नाही, वाटला म्हणून संपायला. पण ते मला माहीत असून तिचं दुखणं कमी होणार नव्हतं. मी फक्त टोपली तिच्याकडे सरकवली.

त्याच संध्याकाळी मंजू ओट्यावर उड्या मारतच आली. "जिन्सी येऊन राह्यली! नागपूरले काम हाय तिचं, मंग कोजागिरीले इकडे येते. वैदेही, तुमच्या दोघींची मॅच लावू! तू तिचा डबा ओळखायचा, तिनं तुझा. कोण जिंकते पाहू!"

"लाव," वैदेही म्हणाली. तिचा आवाज मला आवडला नाही.

तेव्हापासून कोजागिरीपर्यंत वैदेहीनं मंजूशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मंजूच्या ते ध्यानातही आलं नाही, आणि वैदेहीला तेच जास्त लागत होतं. ती पोरांना गाणी शिकवत होती, पण शिकवताना तिचे डोळे गल्लीच्या तोंडाकडे असायचे, जणू ती केरळची मुलगी आजच येऊन ओट्यावर बसणार होती. एकदा माणिकनं विचारलं, "दीदी, जिन्सी दीदी आपसे भी अच्छा पहचानती है क्या?" वैदेही म्हणाली, "तूच पाह्य त्या दिवशी." आणि तिनं माणिकची वेणी जरा जोरातच घट्ट केली.

कोजागिरीच्या दुपारी वैदेही आपला डबा आमच्या देवघराच्या फळीवर ठेवून गेली. संध्याकाळी ओटा झाडून झाल्यावर मी तो खाली घेतला. जड होता. मी हलवला. काहीच वाजलं नाही. पुन्हा हलवला. आत मऊ कापडासारखं काही दाबून भरलं असावं, आणि त्याच्यामध्ये जे काही होतं ते हलायला जागा नव्हती. ज्या मुलीनं माणिकला परत पाठवलं होतं, तिनं स्वतः मुका डबा आणला होता.

मी तो होता तसा फळीवर ठेवला. मुलांनी चूक करायच्या आधी त्यांचा हात धरला तर ती दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीमागे तीच करतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मंजू जिन्सीला आणायला गोंदियाला गेली होती. परतीच्या वाटेवरचं राजेगाव ओलांडल्यावर तिचा फोन आला, चहा टाका. थोड्या वेळानं दोघी दारात उभ्या राहिल्या. जिन्सी ठेंगणी, चष्म्याची, लांब केसांची, बोलायला शांत. मला नमस्कार करून झाल्यावर तिनं पहिल्यांदा कुणाकडे पाहिलं असेल तर ओट्यावर रांगोळी काढणाऱ्या वैदेहीकडे.

"वैदेही?" तिनं विचारलं.

"हां," वैदेही म्हणाली आणि रांगोळीचा ठिपका चुकली.

 चहाच्या वेळी मंजू मध्ये बसून एकटीच बोलत होती. बाटुमीचे दगड, अक्रोडाच्या मेणबत्त्या, घाटातला बर्फ. जिन्सी मान हलवत होती, पण तिची नजर कपाच्या काठावरून वैदेहीवर जाऊन परत येत होती. वैदेहीचं तेच चाललं होतं. मधल्या मध्ये मंजू दोघींच्या बशांमध्ये बिस्किटं वाढत होती.

चंद्र झाडांच्या वर आला. गाणी झाली. त्या रात्रीची गाणी पोरांनी फार चांगली म्हटली, पण वैदेहीनं त्यांना शाबासकी द्यायची राहून गेली. मंजूनं दोन्ही डबे आणून मधोमध ठेवले.

"पह्यले जिन्सी!"

जिन्सीनं वैदेहीचा डबा उचलला. डोळे मिटले. बोट वर केलं. पोरं चिडीचूप. तिनं हलवला, मग जोरात हलवला, मग उलटा करून हलवला.

"इसमें कुछ है ना?" तिनं डोळे न उघडताच विचारलं.

पोरं फिदीफिदी हसली. जिन्सी लाल झाली. तिनं डबा हुंगला, पुन्हा हलवला आणि खाली ठेवला. "नहीं आता. हार गई."

वैदेही जिंकली होती. तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही दिसत नव्हतं. तेवढ्यात माणिक पुढे सरकली आणि तिनं डबा स्वतःच्या कानाशी धरला.

"दीदी! ये तो मुका डब्बा है!" तिचा आवाज ओटाभर झाला. "आप ही तो बोली थीं, मुका नहीं चलता. मेरा तो वापस भेजा था!"

आता सगळेच वैदेहीकडे पाहत होते. मंजूही.  वैदेहीनं काहीतरी करायचं म्हणून समोरचा जिन्सीचा डबा उचलला आणि हलवला.

तो वाजला नाही.

तिनं पुन्हा हलवला. कान लावून, डोळे मिटून, अगदी लहानपणी ऐकायची तसा ऐकला. आत काहीच हललं नाही. वैदेहीनं डोळे उघडले आणि सरळ जिन्सीकडे पाहिलं. जिन्सी रांगोळीतल्या चुकलेल्या ठिपक्याकडे पाहत होती.

"तूने भी?" वैदेहीनं हळूच विचारलं.

जिन्सीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हलवा है. गरम-गरम डालके जमाया. नहीं हिलेगा, मुझे मालूम था." मग तिचा बांध फुटला. "क्या करती? हर बस में, हर ट्रेन में! मैं कुछ पहचानूं तो ये बोलती, वैदेही तो एक बार में पहचान लेती. समंदर देखो तो, वैदेही को दिखाना था. बर्फ गिरी, सब नाच रहे, ये खिड़की से फोटो निकाल रही, वैदेही के लिए. कौन है ये वैदेही? मुझे तो नाम से ही चिढ़ हो गई थी. मैंने सोचा, एक बार, बस एक बार ये वैदेही हार जाए."

 वैदेहीनं मंजूकडे पाहिलं.

"ते फोटो तू मले कधी पाठवलेच नाही," ती म्हणाली.

"फोन बर्फात पडला नं, अंकितच्या..." मंजूनं सुरुवात केली आणि थांबली. "मले वाटलं तुले वाईट वाटंन. तू येऊ शकली नव्हती. म्हणून तुझ्यापुढे तिथलं तुझं नाव घेत नव्हती मी."

 वैदेहीच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं रडते की काय. पण ती हसत होती. तिनं जिन्सीच्या डब्यावर टिचकी मारली. ठक् असा मुका आवाज आला. जिन्सीनंही वैदेहीच्या डब्यावर टिचकी मारली. तोही ठक्. मग दोघी हसू लागल्या. एक थांबली की दुसरी डब्यावर टिचकी मारायची.

माणिकला हे हसणं मान्य नव्हतं. तिला न्याय हवा होता. "आजी, दोनों मुके हैं. वापस भेजो!"

"बरोबर हाय," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम. उठा पोरींनो. आत जाऊन अर्धे खाली करा."

दोघी डबे घेऊन उठल्या. मंजूही पटकन उठली. "चला, मी चाकू देतो. हलवा कापा लागंन."

माणिकनं तिची ओढणी धरली. "आप नहीं. जिसका डब्बा मुका, वही जाएगा."

मंजूनं माझ्याकडे पाहिलं. मी भुलाबाईपुढचा दिवा सरळ केला. ती परत बसली.

आतून चाकूचा आवाज आला. डबे घासल्याचा आवाज आला. वैदेहीनं काहीतरी विचारलं, जिन्सी सांगू लागली, अर्धं हिंदीत, अर्धं हातवाऱ्यांनी असावं, कारण मध्येच एक भांडं पडलं.  आणि मग वैदेहीचं ते जुनं हसणं आलं, भिंतीला टेकून पोट धरून हसायची ते, आणि त्यातून तुटक शब्द: "बूट... अंकित का... बूट में!"

मंजूनं मान ताठ केली. बाहेर पोरं कोजागिरीच्या दुधाच्या पेल्यांसाठी रांग लावत होती. तिचा पेला तिच्या हातात तसाच होता.

"काय सांगून राह्यल्या वं?" तिनं आत आवाज दिला. "ए! मलेही सांगा ना!"

 आतून आणखी हसणं आलं.

"आजी," मंजू म्हणाली, आणि गेले कित्येक दिवस जो चेहरा मी याच ओट्यावर वैदेहीचा पाहत होते, तो आता तिचा झाला होता. "तो किस्सा तर माझा हाय."

"हौ," मी म्हटलं. "दूध पी. थंड होऊन राह्यलं."